टेक्स्ट गेममधल्या चित्रांचं ओझं

मागच्या भागात आपण टेक्स्ट गेमचा मजकूर कसा लिहायचा, पर्याय कसे द्यायचे, ते पाहिलं. आज त्यातल्या चित्रांबद्दल बोलू. किती मोठी ठेवायची, कुठल्या प्रकारात साठवायची आणि मुळात ठेवायची का. व्हिडिओत मी बऱ्याच गोष्टी पडद्यावर करून दाखवल्या होत्या, इथे त्या लिहून सांगतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. टेक्स्ट गेम म्हणजे वाचत वाचत खेळायचा खेळ. एक प्रसंग वाचायचा, खालच्या दोन-तीन पर्यायांतला एक निवडायचा, पुढचं पान उघडतं. या प्रकाराची सुरुवात विल क्राउदर यांनी १९७०च्या दशकात लिहिलेल्या गुहेच्या खेळापासून मानतात. त्यात एकही चित्र नव्हतं. माणसं नुसत्या शब्दांवर त्या गुहेत तासन् तास हिंडत. म्हणजे या खेळात चित्र हा पाहुणा आहे, घर शब्दांचं आहे. हे मला नीट कळलं ते एक चूक केल्यावर.

मी पायदळातून निवृत्त झालो आणि महूला स्थायिक झालो. हाताला काम हवं म्हणून ट्वाइन नावाचं मोफत साधन शिकलो आणि 'रात्रीची गस्त' हा खेळ मराठीत लिहिला. तुम्ही गस्तीचे प्रमुख. हातात नकाशा आणि होकायंत्र, बरोबर सहा जवान, उजाडायच्या आत ओढा ओलांडून परत यायचं. प्रदेश काल्पनिक, नकाशा माझ्या हातचा. मजकूर झाल्यावर वाटलं, थोडी चित्रं हवीत. सह्याद्रीतल्या भटकंतीत फोनवर काढलेले फोटो, नकाशा, होकायंत्र, अंधारातला डोंगर अशी १४ चित्रं घातली. एका हितचिंतकाने सांगितलं, "सगळं एकाच फाइलमध्ये कोंबा, पाठवायला सोपं." तेही केलं. माझ्या लॅपटॉपवर, घरच्या फायबर इंटरनेटवर, सगळं झकास चाललं.

मग लिंक पाठवली आमच्या जुन्या सुभेदार साहेबांना. ते सातारा जिल्ह्यात डोंगरातल्या गावी राहतात. त्यांच्या नातीने फोनवर खेळ उघडला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"साहेब, तुमची गस्त बराकीतून बाहेरच पडत नाही. पोरगी अर्धा तास पांढरा पडदा बघत बसली. वर तिचा आजचा डेटा संपल्याचा मेसेज आला."

पंधरा वर्षं ज्या माणसाने माझ्याबरोबर कंपनीत काढली, त्याच्या नातीचा डेटा मी खाल्ला होता आणि बदल्यात तिला एक ओळही वाचायला मिळाली नव्हती. त्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. तोच हिशेब तुम्हालाही सांगतो.

मजकूर किती, चित्रं किती

संगणकावर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साधारणपणे ३ बाइट घेतं. 'गस्त' या शब्दात ग, स, हलन्त आणि त अशी चार चिन्हं आहेत, म्हणून १२ बाइट. माझ्या अख्ख्या खेळाचा मजकूर होता सुमारे साडेतीनशे केबी. चित्रांचं वजन होतं ५२ एमबी. म्हणजे दीडशेपट!

त्यात ती एकाच फाइलमध्ये कोंबण्याची युक्ती. चित्र असं कोंबायचं तर ते अक्षरांच्या रूपात बदलावं लागतं. या पद्धतीला बेस-६४ म्हणतात. त्यात दर ३ बाइटांचे ४ होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं. ५२चे झाले ६९ एमबी. आणि सगळं एकाच फाइलमध्ये असल्यामुळे पहिलं पान वाचायलासुद्धा चौदाही चित्रं उतरवून घ्यावी लागत होती. दर सेकंदाला २ मेगाबिटचा वेग धरला, तरी ६९ एमबीला साडेचार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. डोंगरातल्या गावात तेवढा वेग सलग मिळत नाही.

गस्तीला निघताना प्रत्येकाचा पिट्टू उघडून बघायची आमची पद्धत होती. जे लागणार नाही ते बाहेर. स्वतःच्या खेळाचा पिट्टू मात्र मी उघडून पाहिला नव्हता.

आधी ठरवा: चित्र पडद्यावर केवढं दिसणार?

बहुतेक जण आधी विचारतात, जेपेग की पीएनजी? तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आकाराचा.

आजकालचा साधा फोनसुद्धा ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो. हे झाले १ कोटी २० लाख ठिपके. पण खेळ ज्या फोनवर चालणार, त्याची रुंदी ब्राउझरच्या मोजमापात साधारण ३६० असते. पडदा दाट असेल तर त्या प्रत्येक एककात तीन-तीन खरे ठिपके बसतात, म्हणजे ३६० गुणिले ३, एकूण १०८०. लॅपटॉपवर माझ्या मजकुराचा स्तंभ ६४० रुंदीचा आहे, तिथेही १०८० पुरतात. यापेक्षा मोठं चित्र पाठवलं तर जास्तीचे ठिपके ब्राउझर फेकून देतो. पैसे मात्र वाचणाऱ्याचे जातात.

आता उंची. टेक्स्ट गेममध्ये पान उघडल्यावर चित्राबरोबर मजकुराच्या दोन-चार ओळी दिसल्याच पाहिजेत. उभा फोटो टाकला तर पूर्ण पडदा तोच व्यापतो आणि पर्याय कुठे आहेत ते शोधावं लागतं. म्हणून मी आडवी पट्टी ठरवली, रुंदी उंचीच्या दुप्पट. म्हणजे १०८० गुणिले ५४०. फोनवर ही पट्टी पडद्याचा साधारण पाव भाग घेते.

१०८० गुणिले ५४० म्हणजे ५ लाख ८३ हजार ठिपके. मूळ फोटोच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. फाइल कितीही दाबून लहान केली, तरी दाखवताना ब्राउझरला ती पूर्ण उलगडावी लागते आणि तेव्हा प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट मेमरी लागते. मूळ फोटोला ४८ एमबी, पट्टीला सव्वादोन एमबीच्या आसपास. स्वस्त फोन अडखळतो तो पुष्कळदा इथे.

एक सावधगिरी. खेळाच्या कोडमध्ये 'रुंदी ३६०' असं लिहिल्याने चित्र लहान दिसतं, पण फाइल तेवढीच राहते. चित्र खरोखर लहान करायचं तर ते गिंपसारख्या साधनात किंवा ब्राउझरमध्येच चालणाऱ्या स्क्वूशमध्ये करायचं. दोन्ही मोफत आहेत.

मग प्रकार: चित्र कशाचं आहे ते बघा

माझ्याकडे चार तऱ्हेची चित्रं होती. प्रत्येकीला वेगळं उत्तर मिळालं.

पहिली तऱ्हा, डोंगराचा फोटो. फोटोत रंग हळूहळू बदलतात, म्हणून त्यासाठी जेपेग. हे प्रमाण १९९२ सालचं आहे. ते चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातला, डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतं. गुणवत्ता ७५च्या आसपास ठेवली तर फोटो छान दिसतो. एकच नियम पाळा. जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेग केला की दर वेळी थोडा तपशील जातो. मूळ फोटो वेगळा जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यावरूनच नवी प्रत काढा.

दुसरी तऱ्हा, नकाशा. मोजके रंग, बारीक रेषा, स्वच्छ कडा. मी आधी याचाही जेपेग केला होता. समोच्च रेषांच्या कडेने मुंग्या लागल्यासारखे ठिपके दिसायला लागले आणि ओढा कुठे, पायवाट कुठे, कळेना. ज्या खेळात नकाशा वाचून निर्णय घ्यायचा, तिथे हा नुसता दिसण्याचा दोष राहत नाही. अशा चित्राला पीएनजी घ्या. त्यात काहीही टाकून दिलं जात नाही. आणि नकाशात रंग मोजकेच असतील तर साठवताना १६ रंगांची मर्यादा घाला. फाइल बरीच लहान होते आणि रेष जशीच्या तशी राहते.

तिसरी तऱ्हा, होकायंत्र आणि खुणा. याला एसव्हीजी. यात ठिपके साठवलेले नसतात. 'इथून इथपर्यंत रेष काढ, इथे वर्तुळ काढ' अशा सूचना असतात. फाइल काही केबींची आणि कितीही मोठं करा, धूसर होत नाही. कल्पना जुनीच आहे. १९८० साली अमेरिकेत रॉबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याने अ‍ॅपल टू संगणकासाठी 'मिस्टरी हाउस' हा चित्रांचा साहसखेळ केला. फ्लॉपीवर जागा अगदी थोडी. म्हणून त्यांनी पूर्ण चित्रं न साठवता रेषा कुठून कुठे जातात ते बिंदू साठवले आणि संगणकाने ते चित्र प्रत्येक वेळी पडद्यावर काढायचं. आपली अडचण आज फ्लॉपीची नाही, नेटवर्कची आहे. उपाय तोच.

एसव्हीजीत मराठी अक्षरं असतील तर मात्र जपा. चित्र म्हणून पानावर लावलेली एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट मागवू शकत नाही. ज्या फोनवर उघडेल, तिथला फॉन्ट ती घेते. माझ्या लॅपटॉपवर 'वाघजाई टेकडी' नीट बसलं होतं, दुसऱ्या फोनवर ते रेषेबाहेर गेलं. इंकस्केपमध्ये अक्षरांचं रेषांत रूपांतर करता येतं, ते करून टाका.

चौथी तऱ्हा, रात्रीचं चित्र. हे सगळ्यात अवघड. काळोखातून निळसर आकाशाकडे जाणारी छटा फार दाबली की पायऱ्या-पायऱ्या दिसतात. रंग मोजके केले तर आणखीच. अशा चित्राला गुणवत्ता थोडी वाढवा किंवा छटेवर हलकी रवाळ पोत घाला, पायऱ्या लपतात. आणि तपासताना खोलीतला दिवा बंद करून, फोनचा उजेड पूर्ण करून बघा. लोक असे खेळ रात्री अंथरुणात पडून खेळतात.

हलणारी चित्रं? मी आकाशात चढणाऱ्या फ्लेअरचं गिफ केलं होतं. गिफ १९८७चं, एका चौकटीत फार तर २५६ रंग, आणि वजन भारी. हालचाल हवीच असेल तर छोटा, बिनआवाजाचा व्हिडिओ गिफपेक्षा सहसा हलका पडतो. मी हालचालच काढली आणि तिथे दोन वाक्यं लिहिली. ती जास्त चांगली झाली.

वेबपी आणि एव्हीआयएफ

वेबपी हा प्रकार गूगलने २०१० साली आणला. तो फोटोही दाबतो, पीएनजीसारखं काही न टाकताही साठवतो आणि पुष्कळदा दोघांपेक्षा हलका होतो. आयफोनच्या सफारीत तो २०२०पासून चालतो, बाकीच्या मोठ्या ब्राउझरांत त्याआधीपासून. एव्हीआयएफ त्याहून नवा, बहुधा आणखी हलका, पण जुन्या फोनवर उघडेलच असं नाही. दोन्ही द्यायचे तर ब्राउझरला क्रमाने पर्याय देता येतात. आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपेग. जो पहिला समजेल तो तो घेतो.

मी काय केलं? फोटो आणि रात्रीचं चित्र वेबपी, होकायंत्र आणि खुणा एसव्हीजी. नकाशे आधी पीएनजी केले, पुढे इंकस्केपमध्ये पुन्हा काढून एसव्हीजी केले. एव्हीआयएफच्या वाटेला गेलो नाही. मी एकटा हे सांभाळतो. एका चित्राच्या तीन-तीन प्रती ठेवल्या की एक बदलायची राहून जाते. तुमचं मनुष्यबळ बघून ठरवा.

चित्रं लावताना

एक. चित्रं वेगळ्या फाइलींत ठेवा, खेळाशेजारच्या फोल्डरमध्ये. मग ज्या पानावर खेळाडू पोचेल, तेवढंच चित्र उतरतं.

दोन. फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पण बरेचसे सर्व्हर करतात. घरी दिसणारं चित्र इंटरनेटवर गायब होतं, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

तीन. कोडमध्ये चित्राची रुंदी आणि उंची दोन्ही लिहा. नाही लिहिली तर चित्र उशिरा येतं तेव्हा खालचा मजकूर खाली ढकलला जातो. खेळाडूचं बोट 'थांबा'वर पडणार असतं आणि तेवढ्यात तिथे 'पुढे चला' येतं. माझ्या चाचणीत एकाची अख्खी गस्त अशी ओढ्यात गेली.

चार, आणि हे मी फौजी म्हणून सांगतो. फोनने काढलेल्या फोटोत, सेटिंग चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. तुमच्या स्वतःच्या साइटवर फोटो जसाच्या तसा चढवला की ते कोणीही वाचू शकतं. माझ्या 'काल्पनिक' प्रदेशातलं एक झाड माझ्या अंगणातलं होतं, आणि त्या फोटोत माझ्या घराचा पत्ता जगजाहीर होता. फोटो चढवण्याआधी ही माहिती काढून टाका. मात्र फोटो उभा की आडवा हेही तिथेच नोंदलेलं असतं, म्हणून काढल्यावर तो आडवा तर झाला नाही ना, ते एकदा बघा.

चित्र दिसलंच नाही तर?

सगळं झाल्यावर मी खेळ आणखी एका जुन्या सहकाऱ्याला पाठवला. त्यांची दृष्टी गेली आहे. फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, ते ऐकतात. आवाजावर ते माझ्यापेक्षा भराभर फोन चालवतात. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सर, पाचव्या पानावर किती अंशावर चालायचं, ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. २४० अंश हा आकडा फक्त होकायंत्राच्या चित्रात होता. नेटवर्क गेलं असतं आणि चित्र उतरलं नसतं, तर डोळसालाही तिथे वाट बंदच होती.

तेव्हापासून माझा नियम असा. ज्या माहितीवर निर्णय अवलंबून आहे, ती मजकुरात आलीच पाहिजे. चित्राने ती दाखवावी, लपवू नये. प्रत्येक चित्राला पर्यायी वर्णनाची जागा असते, तिथे 'होकायंत्र' एवढंच लिहून भागत नाही. 'होकायंत्राचा काटा २४० अंशांवर' असं लिहा. चित्र नुसतं शोभेचं असेल तर ती जागा मुद्दाम रिकामी ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ जात नाही. आणि खेळ प्रसिद्ध करण्याआधी ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून एकदा शेवटपर्यंत खेळा. अडलात, तर दोष तुमच्या लिखाणात आहे.

या कसोटीवर माझी १४पैकी ५ चित्रं गळाली. ९ उरली. पाच वेबपी, सरासरी ८० केबींची. दोन नकाशे, एक होकायंत्र, एक खूण. सगळी मिळून ५०० केबींच्या आत. मजकूर धरून पहिलं पान आता साडेचारशे केबींहून कमी आहे. त्याच २ मेगाबिटच्या वेगावर दोन सेकंदांत उघडतं.

लिंक पुन्हा सातारा जिल्ह्यात गेली. या वेळी गस्त बाहेर पडली, ओढाही ओलांडला आणि नातीने दोनदा जवान गमावून तिसऱ्यांदा सगळे परत आणले. रात्री साहेबांचा फोन.

"साहेब, खेळ उत्तम. पण नकाशावर उत्तर दिशा दाखवायची राहिली."

त्यांचं बरोबर होतं. तीस वर्षं जवानांना नकाशा वाचायला शिकवणाऱ्या माणसाने उत्तरेचा बाण विसरावा! नकाशा एसव्हीजी होता म्हणून पाच मिनिटांत बाण घातला आणि मजकुरातही एक वाक्य वाढवलं.

पुढच्या भागात आवाज. तोही असाच तपासून घेऊ. तोवर तुमच्या खेळातलं सगळ्यात जड चित्र शोधून ठेवा.

जय हिंद.